जुन्या ऑसिलोस्कोपचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताना या चुका टाळा

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निर्लेखित झालेला २० मेगाहर्ट्झचा स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र), नाहीतर भंगारात किलोवर निघालेला टेक्ट्रॉनिक्स ४६५. सोलापुरात अशी यंत्रं अजून हाती लागतात आणि ती वाचवण्याच्याच लायकीची असतात. ४६५ हे १९७२चं मॉडेल. सर्किट डायग्राम नीट मिळतो, बहुतेक पार्ट सुटे बदलता येतात. बिघाड बऱ्याचदा पॉवर सप्लायमध्ये आणि छोटासा असतो. तो मोठा होतो घाईमुळे: मोजण्याआधी बदलायला घेतलं की.

थेट प्लग लावणं

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की लीकेज (आतून गळणारा करंट) वाढतं, कॅपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. म्हणून थेट प्लग लावू नका. आधी मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. बाहेरच्या देशातून आलेलं यंत्र ११५ व्होल्टवर लावलेलं असू शकतं. ४६५ ला ११५/२३० शिवाय लो, मीडियम, हाय अशी वेगळी रेंजही निवडावी लागते. तुमच्या सॉकेटला सकाळी, दुपारी आणि रात्री किती व्होल्ट येतात ते मोजून ती ठरवा. सिलेक्टर २३० वर नेला की फ्यूजही ११५ साठी दिलेल्या अँपिअरच्या निम्म्याचा लागतो. ही दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते.

ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनिअर सप्लायला पहिल्यांदा १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून करंट द्या. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी चालणार नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एक लक्षात ठेवा: बल्ब लावलेला असताना मोजलेल्या व्होल्टेजवरून निदान करायचं नाही. यंत्राला पुरेसं व्होल्टेजच मिळत नसतं, त्यामुळे चांगला रेग्युलेटरही (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) कमीच दाखवतो.

टेक्ट्रॉनिक्स २४६५ सारख्या एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) स्कोपला मात्र व्हेरिॲकनं (एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवू नका. एसएमपीएस कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो किंवा चालू-बंद होत टिकटिकत राहतो, आणि नसलेला बिघाड दिसायला लागतो.

मोजायच्या आधी कॅपॅसिटर बदलणं

सगळ्यात जास्त स्कोप इथे खराब होतात. सगळे कॅपॅसिटर एकदम उपसले की जुन्या बोर्डाचे पॅड उचकटतात, एखादा उलटा बसतो, आणि मूळ दोष कुठे होता हे कायमचं झाकलं जातं.

४६५ मध्ये +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट असे सप्लाय आहेत आणि बाकीच्यांना संदर्भ (ज्याच्याशी तुलना करून ते आपलं व्होल्टेज ठरवतात) +५५ चा मिळतो. म्हणजे +५५ चुकलं की सगळंच चुकलेलं दिसणार. −८ कमी आहे म्हणून थेट तिथले पार्ट उपटायला घेऊ नका. आधी +५५ बघा. दुसऱ्या स्कोपमध्ये संदर्भ कोणता, ते सर्किट डायग्रामवरून शोधा.

यंत्र बंद असताना, प्लग काढून, प्रत्येक टेस्ट पॉइंट ते चॅसी (धातूचा सांगाडा) रेझिस्टन्स मोजा. एक-दोन ओहम आले तर त्या लाइनवर शॉर्ट आहे, आणि ४६५ मध्ये पहिला संशय थेंबाच्या आकाराच्या टँटलम कॅपॅसिटरवर घ्यावा. हे कॅपॅसिटर बहुधा शॉर्ट होऊनच जातात, कधी कधी दिसायला अगदी धडधाकट असतात. एकेका बोर्डाचा कनेक्टर काढत जा. ज्याच्यामुळे शॉर्ट सुटतो, तो बोर्ड. मग त्या लाइनवर बेंच सप्लायनं अर्धा व्होल्ट द्या, करंट लिमिट एक अँपिअर, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकवर पुढे सरकत जा. शॉर्ट झालेल्या पार्टपर्यंत रीडिंग उतरत जातं, त्याच्या पुढे स्थिर राहतं. एकही पार्ट न काढता दोषी सापडतो.

शॉर्ट नसेल तर यंत्र चालू करून डीसी व्होल्टेज आणि त्यावरचा रिपल (उरलेला चढउतार) बघा. ब्रिजनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतरच्या) कॅपॅसिटरवर १०० हर्ट्झचा रिपल फार मोठा असेल तर कॅपॅसिटर वाळलाय. तोच रिपल ५० हर्ट्झचा दिसला तर कॅपॅसिटरला दोष देऊ नका, ब्रिजमधला एखादा डायोड ओपन असणार.

आणि +५५ चा ॲडजस्टमेंट पॉट? मॅन्युअलमधल्या मर्यादेत व्होल्टेज असेल तर त्याला हात लावू नका. तो फिरवला की व्हर्टिकल, टाइमबेस, सगळंच कॅलिब्रेशन सरकतं.

बदलताना होणाऱ्या चुका

टँटलमवरची खूण प्लसची असते, इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा मायनसचा. सवयीनं टँटलम उलटा बसतो आणि पेटतो. १५ व्होल्टच्या लाइनवर टँटलम ३५ व्होल्टचा घ्या.

जुन्या डब्यासारख्या कॅपॅसिटरच्या कडेला तीन-चार मायनसचे पाय असतात. काही बोर्डांवर हे पाय ग्राउंडचे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांना जोडतात. तिथे दोन पायांचा नवा कॅपॅसिटर बसवला की एखादं ग्राउंड तुटतं, आणि कॅपॅसिटर नवा असूनही हम (मेन्सची नको असलेली लहर) येतो. ते सगळे बिंदू जाड तारेनं जोडून घ्या.

कॅपॅसिटन्स (मायक्रोफॅरडचा आकडा) मूळ आकड्यापेक्षा २०–३० टक्के जास्त चालेल, तिप्पट नको. तिप्पट असला की सुरू होताना डायोडवर फार मोठा झटका बसतो. १०५ अंशाचाच कॅपॅसिटर घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीतच चाळिशी असते, बंद पेटीत किती होईल याचा विचार करा. दुकानात ८५ चाच मिळाला तर थांबा, पुण्याच्या तापकीर गल्लीतून मागवा.

मेन्स फिल्टरमधला तडे गेलेला पारदर्शक पिवळट पेपर कॅपॅसिटर न मोजता बदला. तो धूर काढतोच. त्याच्या जागी एक्स-२ वर्गाचा, किमान २७५ व्होल्ट एसीचा लागतो. ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर नाही.

मोठा पास ट्रान्झिस्टर (रेग्युलेटरचा सगळा करंट ज्यातून जातो तो) बदलताना जुन्या अभ्रकाच्या वॉशरला चीर नाही ना ते बघा आणि दोन्ही बाजूंना ताजी थर्मल पेस्ट लावा. प्लग लावण्याआधी ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यात मीटर ओपन दाखवायला हवा.

जीवाशी खेळ

एसएमपीएसच्या मुख्य कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, बंद केल्यावरही. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर दहा सेकंद धरा आणि मग मीटरनं खात्री करा. सीआरटीच्या (पडद्याची काचेची नळी) कॅथोडला ४६५ मध्ये सुमारे अडीच हजार व्होल्ट निगेटिव्ह असतात, ॲनोडला त्याहून कितीतरी जास्त. साधा मल्टिमीटर तिथे नेऊ नका. एकटं असताना या भागात काम करू नका.

प्रायमरी बाजूला (थेट मेन्सला जोडलेल्या भागाला) दुसऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप लावली की मेन्स थेट अर्थला जाते. त्यासाठी दुरुस्तीचं यंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. मोजणाऱ्या स्कोपची अर्थ पिन कापणं हा उपाय नाही. तसं केलं तर त्याची अख्खी बॉडी जिवंत होते.

झाकण लावण्याची घाई

यंत्रमागाच्या आसपास वापरलेल्या स्कोपच्या फॅनवर आणि हीटसिंकवर कापसाची तूस घट्ट बसलेली असते. ब्रशनं सुटी करून ब्लोअरनं बाहेर काढा, फॅनचं पातं हातानं धरून. मोकळं फिरलं तर बेअरिंग जातं. मग झाकण लावून तासभर चालवा आणि उघडताक्षणी सगळे व्होल्टेज पुन्हा मोजा. थंड असताना बरोबर असलेला सप्लाय गरम झाल्यावर घसरत असेल, तर रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर किंवा त्याच्या पायाचा तडकलेला सोल्डर तपासा.