सदिश की अदिश? चिन्हं लिहिताना या चुका टाळा

सदिश राशीला परिमाण (ती किती आहे) आणि दिशा दोन्ही असतात, अदिश राशीला फक्त परिमाण. छापील पुस्तकात सदिश बहुधा ठळक टाइपात असतो. वहीत ठळक अक्षर काढता येत नाही, म्हणून अक्षराच्या डोक्यावर बाण द्यायचा, किंवा खाली रेघ मारायची. उतरवून घेताना घाईत हाच बाण गळतो आणि गणित तिथून बिघडायला लागतं. बेरीज सरळ करायची की कोन धरून, हे त्या बाणावरूनच कळतं.

एका बाजूला बाण, दुसरी बाजू मोकळी

न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) लिहिताना डावीकडे एफवर बाण आणि उजवीकडे एम, ए दोन्ही मोकळे, हे उत्तरपत्रिकेत नेहमीचंच. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू एकाच जातीच्या लागतात. वस्तुमान अदिश, त्वरण सदिश, म्हणून 'ए'वर बाण हवाच. फक्त परिमाण काढायचं असेल तर दोन्हीकडचे बाण उतरवा. शून्यही यातून सुटत नाही: अ⃗ − अ⃗ याचं उत्तर शून्य सदिश, त्यावरही बाण येतो.

परिमाणांची सरळ बेरीज

|अ⃗| = ३ आणि |ब⃗| = ४ असताना |अ⃗ + ब⃗| = ७ हे दोन्ही एकाच दिशेला असतील तरच (उभ्या रेघा म्हणजे परिमाण). काटकोनात ५, ६० अंशाला √३७ म्हणजे सुमारे ६.०८, विरुद्ध दिशेला १. उलट, तारांच्या जोडावर ३ आणि ४ अँपिअर येऊन मिळाले तर पुढे ७ अँपिअरच जातात, तारा कुठल्याही कोनात असोत. विद्युतधारा अदिश आहे. सर्किटच्या आकृतीतला बाण ती कुठून कुठे वाहते एवढंच दाखवतो.

उणे चिन्ह दोनदा

सदिशाचा घटक, म्हणजे एका ठरावीक दिशेतला त्याचा भाग, उणे असू शकतो, परिमाण कधीच नाही. 'जी' म्हणजे गुरुत्व त्वरणाचं ९.८ मी/से² हे परिमाण आहे. वरची दिशा धन धरून 'एस = यूटी − ½जीटी²' (एस विस्थापन, यू सुरुवातीचा वेग, टी वेळ) असं लिहिलं, की त्वरण खाली आहे हे त्या उणे चिन्हात आलंच. तरीही पुष्कळ जण पुढे जी = −९.८ ठेवतात. २० मी/से वेगाने वर फेकलेला दगड १ सेकंदानंतर २० − ४.९ = १५.१ मीटरवर असतो. दोनदा उणे झालं की उत्तर २४.९ येतं, गुरुत्वाकर्षण नसतं तरी दगड २० मीटरच गेला असता! उणे चिन्ह एकतर सूत्रात ठेवा, नाहीतर किमतीत.

चाल स्थिर, म्हणून त्वरण शून्य?

चाल म्हणजे वेगाचं परिमाण. इथे क्रम चुकतो. गाडी २० मीटर त्रिज्येच्या वळणावर १० मी/सेच्या स्थिर चालीने जाते आहे. वेगाचं आधी अवकलन केलं (म्हणजे वेळेनुसार बदलाचा दर काढला) आणि मग मॉड, म्हणजे परिमाण, घेतला, तर १०² ÷ २० = ५ मी/से². आधी मॉड घेऊन मग अवकलन केलं, तर शून्य. दुसरं उत्तर चालीतल्या बदलाचं आहे, त्वरणाचं नव्हे. मॉडच्या उभ्या रेघा अवकलनाच्या आत आहेत की बाहेर, हे तपासूनच पुढे जा.

टिंब आणि फुली

अ⃗ · ब⃗ अदिश, अ⃗ × ब⃗ सदिश, हे सदिशांचे दोन वेगळे गुणाकार. त्यामुळे (अ⃗ · ब⃗) · क⃗ याला अर्थच नाही. कंसातून आलेल्या साध्या संख्येचा टिंब-गुणाकार कसा करणार? (अ⃗ · ब⃗) क⃗ मात्र चालतं. सदिशाने भागायचं नाही, आणि अ⃗ · ब⃗ = अ⃗ · क⃗ दिसलं म्हणून दोन्हीकडचा अ⃗ खोडायचाही नाही. अ⃗ = आय-कॅप, ब⃗ = ३ आय-कॅप + २ जे-कॅप, क⃗ = ३ आय-कॅप − ५ जे-कॅप घेऊन पाहा (आय-कॅप, जे-कॅप म्हणजे एकमेकांना काटकोनात असलेले, परिमाण १ असलेले सदिश): दोन्ही गुणाकार ३, पण ब⃗ आणि क⃗ वेगळे.

संगणकावर तर बाणही नसतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीत [१, २, ३] आणि [४, ५, ६] या अ‍ॅरेंमध्ये गुणाकाराची चांदणी टाकली तर [४, १०, १८] मिळतं. टिंब-गुणाकार ३२ हवा असेल तर 'अ‍ॅट'चं चिन्ह वापरायचं. साध्या लिस्टमध्ये अधिक चिन्ह टाकलं तर बेरीज न होता सहा आकड्यांची एकच लांब लिस्ट हाती येते, आणि प्रोग्राम तिथे चूकही दाखवत नाही.