आयनिक आणि धात्विक बंध: ‘इलेक्ट्रॉन दिला, घेतला’ एवढ्यावर उत्तर थांबवू नका

बंधाचा धडा सुरू झाला की वर्गात एक गोष्ट ठरलेली. सोडियमकडे शेवटच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनकडे एक कमी. ह्यानं दिला, त्यानं घेतला, दोघांचं अष्टक (शेवटच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, लग्न लागलं, चला पुढे. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच शिकवायचो. गोष्ट डोक्यात पक्की बसते, आणि तीच तिची अडचण. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की एकामागून एक चुका निघतात आणि बहुतेकींचं मूळ या लग्नातच सापडतं.

पहिली चूक म्हणजे सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच असतो’ असं लिहिणं. हिशेब बघा. वायुरूप सोडियमच्या एक मोल (म्हणजे एका ठरावीक, प्रचंड संख्येइतक्या) अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीनच्या एक मोल अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की परत मिळतात ३४९. म्हणजे खिशातून १४७ गेले. नुसत्या देवाणघेवाणीवर हा धंदा बुडीतच आहे. तूट भरून निघते ती त्यानंतर. देवाणघेवाणीनं प्रभारित झालेले हे सुटे अणू, म्हणजेच आयन, एकमेकांकडे ओढले जाऊन स्फटिक रचतात तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिलाच जालक ऊर्जा म्हणतात. देणं-घेणं ही पूर्वतयारी झाली. बंध म्हणजे धनायन आणि ऋणायन यांच्यातलं स्थितिक विद्युत आकर्षण. व्याख्येत हे ‘आकर्षण’ आलं नाही तर पानभर लिहिलं तरी मी पूर्ण गुण देत नाही.

लग्नाच्या गोष्टीतून दुसरी चूक आपोआप येते: या सोडियमचा हा क्लोरीन, अशी जोडी. मग ‘मिठाचा रेणू’ लिहिला जातो. मिठात रेणू नसतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि ही मांडणी खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. कोण कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. सूत्रात एकास एक लिहितो ते फक्त प्रमाण. ही रचना लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडली. तरी १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या मुरलेल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं ‘नेचर’मध्ये ‘बिचारं साधं मीठ’ अशा अर्थाच्या मथळ्याचं चिडकं पत्र लिहिलं. मिठात रेणूच नाहीत, नुसता बुद्धिबळाचा पट आहे, हे त्यांना मुळीच पटेना. तेव्हा त्यांचं वय होतं ७९. तुम्हाला सोळाव्या वर्षी पटत नसेल तर फार वाईट वाटून घेऊ नका, पण उत्तरपत्रिकेत ‘रेणू’ लिहू नका.

आकृतीतही हेच. सोडियम आणि क्लोरीनच्या मध्ये रेघ मारली की तो सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचा बंध झाला. दोन आयन वेगळे काढा, चौकटी कंसात, वर प्रभार लिहा. सोडियमचं वर्तुळ लहान हवं. अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, इलेक्ट्रॉन गेल्यावर १०२. क्लोरीन उलट ९९ वरून १८१ वर फुगतो.

आता धातूंकडे. ‘धातूचे अणू इलेक्ट्रॉन देतात, त्यांचे आयन होतात, म्हणून धात्विक बंध हा आयनिक बंधाचाच प्रकार’ असं उत्तर दरवर्षी येतं. दिले, पण घेतले कुणी? तांब्याच्या तुकड्यात घेणारा ऋणायन नाहीच. बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे न राहता सगळ्या तुकड्यात पसरलेले असतात. धनायन आणि हा सामाईक इलेक्ट्रॉनांचा साठा (यालाच ‘इलेक्ट्रॉनांचा समुद्र’ म्हणतात) यांच्यातली ओढ म्हणजे धात्विक बंध. इलेक्ट्रॉन तुकड्याबाहेर गेलेले नाहीत, त्यामुळे तांब्याची पट्टी एकूण प्रभारहीनच असते. ‘धातू धनप्रभारित असतो’ हे वाक्य दिसलं की माझं लाल पेन थांबत नाही.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर पुण्याच्या तांबट आळीत जा. मठारकाम चालू असेल तर थोडा वेळ उभे राहा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके शेजारी शेजारी पडत जातात, पत्रा वाकतो, पसरतो, गोल होतो, पण तडकत नाही. आयनांचे थर सरकले तरी इलेक्ट्रॉनांचा साठा सगळीकडे असल्यामुळे ओढ सुटत नाही. तीच हातोडी घरी खड्या मिठावर मारा. थर किंचित सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, दोन्ही बाजू एकमेकांना ढकलतात आणि खडा सपाट कडेनं फुटतो. आता एखादा चौकस मुलगा विचारतो, ‘सर, मग ठोकून ठोकून तांबं कडक का होतं? ते पुन्हा तापवावं का लागतं?’ प्रश्न बरोबर आहे. ठोक्यांनी स्फटिकातले दोष वाढून एकमेकांत अडकतात, तापवल्यावर ते कमी होतात. इलेक्ट्रॉनांच्या समुद्राचं सोपं चित्र इतकं सांगू शकत नाही.

द्रवणांकाच्या प्रश्नातही त्या चित्राला फार ताणू नका. सोडियम ९८, मॅग्नेशियम ६५०, ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअस. ‘एक, दोन, तीन इलेक्ट्रॉन, म्हणून चढता क्रम’ हे कारण चालतं, पण शेवटच्या दोघांत फक्त दहाच अंशांचा फरक का, हे त्यातून कळत नाही. पारा तर उणे ३९ अंशालाच वितळतो. आयनिक संयुगांत गणित जास्त सरळ आहे. मीठ ८०१ अंशाला वितळतं. मॅग्नेशियम ऑक्साइडची स्फटिकरचना मिठासारखीच, पण आयनांवर दुप्पट प्रभार आणि आकार लहान, म्हणून त्याला २८०० च्या वर जावं लागतं. कारण लिहिताना प्रभार आणि आकार, दोन्ही लिहा.

काही चुका पाठांतराच्या. ‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक’ हा अंदाज आहे, नियम नाही: निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड साधारण १८० अंशालाच संप्लवन पावतं, म्हणजे न वितळता थेट वायू होतं, कारण छोट्या, तीन प्रभारांच्या ॲल्युमिनियमकडे क्लोरीनचे इलेक्ट्रॉन बरेच खेचले जातात. उलट नवसागरात (अमोनियम क्लोराइडमध्ये) एकही धातू नाही, तरी तो आयनिक. आणि ‘आयनिक संयुगं पाण्यात विरघळतातच’ असं लिहिण्याआधी खडू आठवा.

राहिली वीज. ‘मिठाच्या पाण्यातून इलेक्ट्रॉन वाहतात’ ही चूक हुशार मुलंही करतात. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन हलतात. पाण्यात किंवा वितळलेल्या मिठात आयन स्वतः चालत जातात. कोरड्या खड्यात आयन असतात पण जागेवर जखडलेले, म्हणून वीज नाही. ‘आयन नसतात’ असं लिहू नका.

हा प्रयोग घरी करता येतो. ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, त्याच्याशी जोडलेला ४७० ओहमचा रोधक आणि दोन तारा. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही. तारा मिठाच्या पाण्यात बुडवल्या की दिवा लागतो. क्लोरीनचा वास येऊ लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि मिनिटभरात आवरा. कोरड्या मिठाला तारा टेकवल्या तर दिवा लागायला नको. पण जुलैमध्ये एका मुलीचा मिणमिण लागला आणि तिनं वहीत लिहिलं, ‘घन मीठ वीज वाहून नेतं.’ निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकला. आगरातल्या खड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खड्यावर ओल धरते. त्या ओलीतून आयन चालत होते. तिला म्हटलं, मीठ तव्यावर भाजून गार कर आणि पुन्हा बघ. दिवा लागला नाही.