‘छान’ म्हणालात, पण कुठल्या पानावर?

पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला मी टेबलामागून विचारायचे, “कसं वाटलं?” उत्तर ठरलेलं: “छान.” रहस्यकथा असो, आत्मचरित्र असो की लोणच्यांचं पुस्तक, छानच. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका गावातल्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात मी 29 वर्षं ग्रंथपाल होते. आता निवृत्त झाले, पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या पडवीत आम्ही दहा-बाराजण जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. तिथे ‘छान’ म्हणायला कुणाला बंदी नाही. फक्त आमचे सुतारकाका लगेच विचारतात, “खयच्या पानार?”

या प्रश्नाला उत्तर देता येणं म्हणजेच पुस्तकाबद्दल बोलता येणं. त्याची तयारी वाचतानाच करावी लागते.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान घ्या, उभं चार तुकड्यांत फाडा. एक तुकडा खूण म्हणून पुस्तकात ठेवा. वाचता वाचता कुठे थबकलात की पानाचा नंबर आणि दोन शब्द, बस्स. माझ्या एका चिठ्ठीवर आहे: “47 सासूचं हसणं. 90 कंटाळा. 112 पुन्हा कंटाळा. 131 हे मला माहीत होतं.” कंटाळा लिहायला लाजू नका, पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडतो. आणि वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही रेघ मारू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागद ओलसर असतो. खोडरबर फिरवलं की अक्षराबरोबर कागदाची सालही निघते. असली सालं निघालेली पुस्तकं मी आयुष्यभर चिकटवत बसले आहे.

पुस्तक संपलं की त्याच रात्री मत देऊ नका. तीन-चार दिवस जाऊ द्या. तेवढ्या दिवसांत जे गळून पडतं ते पडू द्यावं, भांडी घासताना किंवा गाडीची वाट बघताना जे आपोआप आठवतं ते तुमचं मत. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना या दोन्ही गोष्टी शेवटी वाचा. आधी वाचल्या की तुमच्या तोंडून प्रकाशक बोलायला लागतो.

हे मी अनुभवाने सांगते. एकदा 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, एका शाळेत बोलायला गेले होते. हातातली कादंबरी माझी अर्धीच वाचून झाली होती. उरलेली भर मलपृष्ठावरून घातली: ‘मानवी मनाचा ठाव’, ‘अस्वस्थ करणारा शेवट’ वगैरे. नववीतली एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, शेवटी तो परत का जातो?” तो परत जातो हेच मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “ते तुम्हीच वाचून शोधा.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. फक्त तिने वाजवल्या नाहीत. तेव्हापासून अर्धं वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं झालं तर पहिलं वाक्य ठरलेलं: “मी पान 140पर्यंत वाचलंय.”

आता गोष्ट किती सांगायची? ऐकणाऱ्याला तुमचं मत कळेल इतकीच. ‘तुंबाडचे खोत’सारखं पुस्तक असलं की माणसं इथे हमखास बुडतात. दोन खंड, चार पिढ्या. आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी पहिल्या पिढीपासून सुरुवात केली. ते सात-बारा वाचल्यासारखे वारस लावत गेले आणि चहा निवला तरी दुसऱ्या पिढीतून बाहेर आले नाहीत. मोठ्या पुस्तकातलं एक माणूस धरा. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा कसं वाटलं आणि शेवटी कसं वाटलं, एवढं सांगा. बाकीचे खोत आपापल्या जागी बरे आहेत.

त्याच बैठकीत कॉलेजातल्या एका मुलाने सांगितलं, की 2018 चा ‘तुंबाड’ सिनेमा बघून त्याने श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी नेली आणि तीनशे पानं तो सिनेमातल्या हस्तर नावाच्या राक्षसाची वाट बघत बसला. नाव तेवढं जुळतं, गोष्ट अगदी निराळी. सगळे हसले, पण मला ते त्या दिवशीचं सगळ्यात प्रामाणिक मत वाटलं. तुम्ही काय शोधायला पुस्तक उघडलं होतं, हे आधी सांगितलंत तर तुमची निराशा किती खरी आणि किती तुमची स्वतःची, ते ऐकणाऱ्याला ठरवता येतं.

पुस्तकातली चूक सापडली तर काय करायचं, यावरून आमच्याकडे चांगलीच जुंपली होती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पडवीत बोटीवरची पोरं येतात, एरवी दिसत नाहीत. त्यातल्या एकाने एक कादंबरी वाचून आणली. लेखकाचं नाव सांगत नाही, बिचारा घाटावरचा आहे. कादंबरीत नायक भर आषाढात ट्रॉलर काढतो आणि पापलेटने भरून आणतो. पोराने पुस्तक बाकावर आपटलं. “आषाढात ह्यो बोट घेवन गेलो? आणि बंदरार कोणीच इचारूक नाय?”

मासे विकणाऱ्या काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो त्या विसरतात, म्हणून त्यांची सून त्यांना पुस्तकं वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, “बोट सोड रे. पान 63 बघ. नवरो अजून येवक नाय म्हणान ती पेज तीनदा गरम करता. तां खोटां?”

पोरगा गप्प झाला, पण हटला नाही. मला विचाराल तर पोराचं पारडं जड. त्या एका फेरीवर पुढची सगळी गोष्ट उभी होती: वादळ, कर्ज, बहिणीचं लग्न. पाया चुकला. लेखकाने उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारी सुरंगी दिवाळीत फुलवली असती तर मी सोडून दिलं असतं, त्याने गोष्ट अडत नाही. तेव्हा चूक सापडली की पान सांगा, चूक सांगा आणि मग स्वतःला विचारा: हे काढून टाकलं तर पुस्तक पडतं का? पडत नसेल तर एका वाक्यात आटपा. चूक काढायच्या आनंदात पेज गरम करणारी बाई निसटू देऊ नका.

आपल्या भागावरचं पुस्तक असलं की वेगळीच पंचाईत होते. चिं. त्र्यं. खानोलकर आमच्याच तालुक्यातले. त्यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी 1966 ची, आणि कोंडुरा ही आमच्याकडची समुद्राकाठची खरी जागा. आमच्याकडे ती काढली की पहिला अर्धा तास तिथली वाट, तिथले खडक, तिथे कोण कधी बुडालं यातच जातो. मी आता आधीच सांगते, जागेच्या गप्पा चहाच्या वेळी. जागा ओळखीची निघाली म्हणजे पुस्तक कळलं असं होत नाही. उलट आपण तिथेच वाढलो म्हणून कितीतरी वाक्यांवरून न थांबता पुढे जातो.

न आवडलेलं पुस्तक कसं सांगायचं, याची लोकांना उगाच भीती. “माझी लायकी नसेल” असं म्हणत सुरुवात करू नका. मोठ्या नावाच्या लेखकाचं पुस्तक पान 84ला सोडलंत तर पान 84ला सोडलं म्हणा आणि तिथे काय झालं ते सांगा. “बायका सगळ्या एकाच सुरात बोलतात” हे मत आहे, त्यावर कुणी उलटून दोन पानं दाखवू शकतं. “रटाळ” यावर कुणी काय दाखवणार? एक पथ्य मात्र पाळा: पुस्तकाला बोला, ते सुचवणाऱ्याला नको. आमच्याकडे एका वहिनींनी सुचवलेल्या कादंबरीला नणंद सगळ्यांदेखत “टीव्हीवरची मालिका” म्हणाली. पुढचे चार महिने दोघींपैकी एकच यायची.

आत्मचरित्र असेल तर माणसाचा न्याय करायला बसू नका, त्याने काय सांगायचं टाळलं ते बघा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव घ्याच. पाककृतीचं पुस्तक असेल तर एक पदार्थ करून आणा, वेगळं मत लागत नाही.

बोलताना एक उतारा वाचून दाखवा, अर्ध्या पानाहून मोठा नको. घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा, कारण डोळ्यांना सोपं वाटलेलं वाक्य जिभेवर अडखळतं, आणि कधी कधी तिथेच कळतं की आपल्याला ते का आवडलं होतं. सुतारकाका असा उतारा उभं राहून वाचतात, शाळेत वाचल्यासारखे. आवाज एकसुरी, पण शब्द घाईने गिळत नाहीत. एकदा पावसाने पत्रा इतका वाजत होता की ते थांबले, सर ओसरेपर्यंत बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि तिथूनच पुढे गेले.

ज्यांना चारचौघांत बोलायला जमत नाही त्यांच्यासाठी टेबलावर शेरे वही आहे, दोनशे पानी, रेघांची. नियम तीन: पुस्तकाचं नाव, एक तरी पान नंबर आणि चार ओळींच्या आत. गणपतीत मुंबईहून आलेले चाकरमानीही लिहून जातात. त्यातले काही शेरे:

“पान 112 नंतर झोप लागली नाही. पण मधली चाळीस पानं नसती तरी चाललं असतं.”

“नवऱ्याला दिलं. त्यानेही वाचलं. पान 76 वरून भांडण झालं. दोघांचंही बरोबर असावं.”

“शेवटचं पान फाडलेलं आहे. ज्याने फाडलं त्याने निदान शेवट इथे लिहावा.”

या तिसऱ्याखाली दुसऱ्याच अक्षरात खरोखर शेवट लिहिलेला आहे, चार ओळींत, पान नंबरासकट. अक्षर कुणाचं ते मी ओळखलं, पण बोलले नाही. सध्या चौथी वही चालू आहे. पेन सुतळीने बांधलंय, तरी जातं, तेव्हा येताना आपलं आणा.