आधी बोला, मग लिहा
कागद समोर आला की हात आखडतो? मग कागद घेऊच नका. पोळ्या लाटताना ओट्यावर फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि मैत्रिणीला सांगावं तसं दोन मिनिटं बोला. रात्री ते जसंच्या तसं उतरवा. 'अगं', 'म्हणजे बघ' सगळं राहू द्या. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. (मध्येच सासूबाईंनी विचारलेलं "किती शिट्ट्या झाल्या गं?" तेही उतरवा, संवाद फुकटात मिळतो.) बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तक आलं. आठवड्याने एकाच मैत्रिणीला वाचून दाखवा. 'छान आहे' म्हणाली, तर विचारा: नेमकं कुठे कान टवकारले?