रिपोर्टमधला ‘-आयटिस’ कसा वाचायचा

रिपोर्टमधला अवघड शब्द शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटी ‘-आयटिस’ दिसला की समजायचं, दाह आहे. मराठीत यालाच आपण त्या भागाला ‘सूज आली’ म्हणतो. उरलेला भाग अवयव सांगतो. ‘आर्थ्र’ म्हणजे सांधा, ‘गॅस्ट्र’ जठर, ‘नेफ्र’ मूत्रपिंड. ‘हेपॅट’ म्हणजे यकृत. ग्रीक ‘हेपार’ आणि संस्कृत ‘यकृत्’ हे मुळात एकाच शब्दापासून निघालेले, त्यामुळे हा लक्षात ठेवायला सोपा.

शब्द फारच लांब असेल तर मधूनही तोडा. कोलेसिस्टायटिसमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, म्हणून हा पित्ताशयाचा दाह. नुसता सिस्टायटिस मात्र मूत्राशयाचा.

गंमत अशी, की मूळ ग्रीक प्रत्ययात दाह कुठेच नव्हता. ‘-इटिस’ हे विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप, साधारण आपल्या ‘-ची’सारखं. स्त्रीलिंगी का, तर रोगासाठीचा ग्रीक शब्द ‘नोसोस’ स्त्रीलिंगी. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे ‘सांध्यांची व्याधी’. पुढे ‘व्याधी’ गळून पडली, नुसतं ‘सांध्यांची’ उरलं आणि आधुनिक वैद्यकाने त्याला दाहाचा अर्थ जोडला. मग तो कुठल्याही शब्दाला लागू लागला. ‘अपेंडिक्स’ लॅटिन, तरी बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केलं.

सर्वात जास्त घोळ होतो तो मानेच्या दुखण्यात. घरोघरी ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात, पण कागदावर बहुतेक वेळा ‘स्पॉन्डिलोसिस’ लिहिलेलं असतं. ‘-ओसिस’ म्हणजे स्थिती किंवा विकार. इथे वयोमानाने झालेली मणक्यांची झीज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा खरा दाह. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, सकाळी पाठ आखडते आणि हालचाल केली की मोकळी होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांना जुना आजार सांगताना ऐकीव नाव सांगू नका, कागदावरची शेवटची अक्षरं बघून सांगा.

दुसरी चूक म्हणजे ‘-आयटिस’ दिसला की जंतुसंसर्ग धरून चालणं. हिपॅटायटिस विषाणूमुळे होतो, तसाच दारूमुळे किंवा काही औषधांमुळेही होतो. प्रत्यय जागेचा दाह सांगतो, कारण सांगत नाही. उलट न्यूमोनियात फुप्फुसाचा दाह असतो, पण नावात ‘-आयटिस’ नाही.

आणि शेवटी ‘-एक्टमी’ असेल, तर तो आजार नव्हे, अवयव काढण्याची शस्त्रक्रिया: टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिल सुजले, टॉन्सिलेक्टमी म्हणजे काढले.