११० व्होल्टचा एन्लार्जर २३० व्होल्टवर वापरताना

आधी एन्लार्जरच्या (डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) माहितीच्या पट्टीवरचे व्होल्ट, वॅट आणि हर्ट्झ वाचा. बल्ब थेट मेन्सवर चालणारा असेल, तर त्याच होल्डरचा, तेवढ्याच वॅटचा २३० व्होल्टचा एन्लार्जर बल्ब बसवा. ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. सेफलाइटचंही (फोटोचा कागद खराब न करणाऱ्या डार्करूमच्या मंद दिव्याचंही) तसंच.

हेडला (एन्लार्जरच्या दिव्याच्या भागाला) स्वतःचा पॉवर सप्लाय असेल, तर व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. थंड फिलामेंट सुरुवातीला कित्येक पट करंट ओढते, म्हणून १५० वॅटला ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा बरा. प्रवासी इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मात्र नकोच. त्याच्या तुटक वेव्हफॉर्मने एन्लार्जरचा दिवा ठरावीक वेळ चालू ठेवणारा टायमर बिघडतो.

ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी (हर्ट्झ) बदलत नाही. ६० हर्ट्झचा सिंक्रोनस मोटरचा (मेन्सच्या हर्ट्झच्या तालावर फिरणाऱ्या मोटरचा) टायमर ५० हर्ट्झवर मंद चालतो: १० सेकंदांचे १२ होतात. अर्थिंग जोडलेलंच ठेवा, कारण डार्करूममध्ये हात ओले असतात.