फोन जप्त होताना पंचनाम्यात काय लिहून घ्यावे

पोलीस फोन मागतात तेव्हा आधी विचारा, कोणत्या कलमाखाली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली फोन हजर करायला सांगायचे तर आदेश लेखी लागतो. कलम 185 ची झडती वॉरंटशिवाय होते, पण अधिकाऱ्याने कारणे आधी लिहून काढायची असतात आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. नाक्यावर अडवून ‘व्हॉट्सअ‍ॅप दाखव’ म्हणणे यांपैकी कशातच बसत नाही. तिथे हुज्जत न घालता बक्कल नंबर आणि गुन्हा क्रमांक विचारा, दोन्ही लिहून ठेवा.

काहीही पुसू नका. दुसऱ्या फोनवरून डेटा उडवणेही नको. पुरावा नष्ट केल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खालचा गुन्हा मूळ तक्रारीपेक्षा जड जाऊ शकतो. बँकेला कळवून यूपीआय बंद करायला मात्र हरकत नाही.

खरी लढाई पंचनाम्यावर असते, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच घाईत सही करतात. ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढ्यावर सही करू नका. मेक आणि मॉडेल, *#06# दाबल्यावर दिसणारा 15 अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक (दोन सिमच्या फोनला दोन असतात), सिम, मेमरी कार्ड, काचेला तडा असेल तर तोही, आणि फोन चालू होता की बंद, हे सगळे लिहून घ्या. फोन पाकिटात घालून लाखेचे सील लावले का, त्यावर पंचांच्या सह्या आहेत का, ते पाहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्ती आणि यादीवरच्या सह्या यांचे चित्रीकरण सक्तीचे आहे. ते झाले नसेल तर सहीच्या वर तसे लिहा. यादीची प्रत तिथेच मागा.

मग हॅश व्हॅल्यू. फोनमधल्या डेटाची प्रत काढली की त्या प्रतीवरून हा आकडा निघतो. एसएचए-256 पद्धतीने तो 64 अक्षरांचा, एमडी5 ने 32 अक्षरांचा येतो. प्रतीत एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो असावा लागतो. जागेवर काढता आला नाही तर ‘हॅश काढलेला नाही’ अशी नोंद करायला लावा, नाहीतर मधल्या काळात डेटा कोणी हाताळला का हे नंतर सांगता येत नाही. हॅशची मर्यादाही ध्यानात ठेवा. भीमा कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी डिजिटल तपासणी कंपनीने 2021 च्या अहवालात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरद्वारे फाइली घातल्याचे म्हटले होते, आणि तेही जप्तीच्या आधी. असे काही हॅशमध्ये पकडले जात नाही. त्यासाठी प्रतीची स्वतंत्र तपासणी मागावी लागते.

पासवर्डबाबत न्यायालयांचे एकमत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे घटनेचे कलम 20(3) सांगते. तरी 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड देणे म्हणजे अशी साक्ष नव्हे असे म्हटले, तर 2022 मध्ये दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने तो सक्तीने घेता येणार नाही असे ठरवले. म्हणून ठाण्यात तोंडी काही देऊ नका. ‘वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो’ हे वाक्य पुरते. रीस्टार्ट केलेला फोन पहिल्यांदा उघडायला पिनच लागतो, बोटाचा ठसा चालत नाही, एवढे माहीत असू द्या.

फोन परत हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सोबत खरेदीचे बिल आणि पंचनाम्याची प्रत जोडा, सुपूर्तनामा (मागितल्यावर फोन हजर करण्याची लेखी हमी) देण्याची तयारी लिहा. अर्जात 24 ऑगस्ट 2017 चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा खासगीपणाचा निकाल आवर्जून घ्या: हस्तक्षेप गरजेपुरताच असावा, हे त्याचे तत्त्व. चौकशी एका संदेशाची असेल तर आठ वर्षांचे फोटो कशाला, हा प्रश्न त्यातूनच विचारता येतो. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत प्रत निघाली असेल तर मूळ फोन अडकवून ठेवण्याचे कारणही लेखी मागा.

परत आलेला फोन सील तपासून, फोटो काढून घ्या. सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. रीसेट मात्र वकिलांना विचारूनच करा, कारण खटल्यात तोच फोन पुन्हा मागवला जाऊ शकतो.